मानसपुत्राला निरोप

कीर्ती मिळाली नाही म्हणून निराश होऊन लेखणी खाली ठेवणारे लेखक पुष्कळ सापडतील. परंतु कीर्ती आणि पैसा पायाशी लोळण घेत असताना आपल्याच मानसपुत्राचा शेवट करायला निघालेला लेखक विरळाच. सर आर्थर कॉनन डॉयल हे असे लेखक होते.

त्यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडिलांच्या व्यसनामुळे घरात कायमची ओढाताण. आई मात्र मोठी खंबीर. गोष्ट सांगण्याची हातोटी डॉयल यांनी तिच्याकडूनच उचलली. एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण घेताना त्यांना डॉ. जोसेफ बेल हे गुरू लाभले. रोग्याकडे नुसते पाहून त्याचा व्यवसाय सांगणारे हे गुरुवर्य पुढे शेरलॉक होम्सच्या रूपाने अमर झाले.

डॉयल यांनी साउथसी येथे दवाखाना थाटला. रोगी बेताचेच, त्यामुळे लिहायला वेळ भरपूर! होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा हक्कांपोटी अवघे २५ पौंड हाती आले. १८९१ च्या जुलैपासून ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सकथा येऊ लागल्या आणि सारे चित्रच पालटले.

पण त्याच वर्षाच्या अखेरीस होम्सला संपवण्याचा विचार त्यांनी आईला पत्राने कळवला. त्यांचा खरा जीव ऐतिहासिक कादंबरीत होता. होम्समुळे आपले श्रेष्ठ लेखन झाकले जाते, ही खंत त्यांना सतावीत होती. शिवाय प्रत्येक छोट्या कथेला कादंबरीइतकेच पक्के कथानक रचावे लागे. आईने विरोध केला आणि होम्सला जीवदान मिळाले. पुढे संपादकांनी नकार द्यावा म्हणून डॉयल यांनी बारा कथांचे १००० पौंड मागितले. संपादकांनी ते मुकाट्याने मान्य केले!

१८९३ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी रायखेनबाखचा धबधबा पाहिला आणि जागा मुक्रर झाली. डिसेंबरच्या अंकात होम्स आपला शत्रू मोरिआर्टी याच्यासह त्या दरीत नाहीसा झाला. सुमारे २०,००० वर्गणीदारांनी मासिक सोडले असे सांगतात. लोक एका काल्पनिक माणसासाठी हळहळत होते. डॉयल यांच्या घरी मात्र त्याच काळात वडिलांचे निधन झाले होते आणि पत्नीला क्षयाने ग्रासले होते.

कित्येक वर्षे ते बधले नाहीत. १९०१ साली त्यांनी होम्सची नवी कादंबरी सुरू केली, पण ती हकीकत त्याच्या मृत्यूपूर्वीची ठेवली. अखेर १९०३ मध्ये त्याला दरीतून सुखरूप परत आणावेच लागले. ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या झाल्यावर १९२७ साली होम्सने रजा घेतली. ७ जुलै १९३० रोजी डॉयल निवर्तले.

ज्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी त्यांनी हे केले, त्या आज फारसे कोणी वाचत नाही. मग त्यांचा निर्णय चुकला काय? मला तसे वाटत नाही. मळलेली, पैशाची वाट सोडून मनाजोगे लिहावे, ही त्यांची तळमळ प्रामाणिक होती. मात्र एक गोष्ट त्यांना उशिरा उमगली : लेखन थांबवणे लेखकाच्या हाती असते; वाचकांच्या घरी राहायला गेलेले पात्र त्याच्या हाती उरत नाही.