लातूरचं दुसरं ‘कोचिंग’

लातूर म्हटलं की आज कुणालाही पहिल्यांदा काय आठवतं? क्लासेस. नीट, जेईई, टेस्ट सिरीज, मेसचा डबा आणि रूम पार्टनर. नांदेडचंही आता तेच झालंय. जूनमध्ये खेड्यापाड्यांतून पोरंपोरी बॅगा घेऊन या दोन शहरांत उतरतात आणि दोन वर्षं घरापासून लांब राहून तयारी करतात.

पण याच लातूरच्या मातीतलं आणखी एक कोचिंग आहे. त्याच्या जाहिराती चौकात लागत नाहीत. ते सुरू झालं निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगड या गावातल्या एका पोरापासून. त्या पोराचं नाव हरिश्चंद्र माधवराव बिराजदार. महाराष्ट्र केसरी, राष्ट्रकुलचं सुवर्णपदक आणि रुस्तम-ए-हिंद, हे सगळं त्यांनी बाविशीच्या आसपास मिळवून ठेवलं होतं. तालमीतल्या पोरांसाठी मात्र ते पुढे कायमचे ‘मामा’ झाले. आज जे कॉलेजात आहेत त्यांनी त्यांना कधी पाहिलेलं नसणार, कारण मामा २०११ मध्येच गेले. तरी त्यांची गोष्ट आपल्या वयाच्या पोरांनी वाचावी अशी आहे. कारण यात खरी कमाल जिंकण्याची नाही, जिंकून झाल्यावर काय केलं याची आहे.

गाव तेच, जिल्हे बदलले

मामांचा जन्म ५ जून १९५० चा. त्या वेळी निलंगा तालुका होता हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात. निजामाची राजवट संपून दोन वर्षंही झाली नव्हती. पोरगा सहा वर्षांचा झाला तेव्हा भाषावार प्रांतरचनेत निलंगा मुंबई राज्यात आणि उस्मानाबाद जिल्ह्यात आला. दहाव्या वर्षी महाराष्ट्र राज्य झालं. आणि लातूर जिल्हा व्हायला १९८२ उजाडलं, तेव्हा मामा बत्तीस वर्षांचे होते. म्हणजे एकाच गावात राहून माणूस तीन राज्यं आणि तीन जिल्हे बघू शकत होता!

अशा सीमेवरच्या कोरडवाहू भागात खेळ म्हणजे काय, तर कुस्ती. जत्रा आली की कुस्त्या ठरलेल्या. माळेगावचा खंडोबा असो की लातूरचा सिद्धेश्वर, देवाचं दर्शन झालं की माणसं आखाड्याकडे वळायची. आजही वळतात. जत्रेत नाव होतं, गावात फेटा मिळतो. पण त्याच्यापुढं जायचं तर गाव सोडावं लागतं. तेव्हा मराठवाड्यातल्या पैलवानासाठी ‘पुढं’ म्हणजे कोल्हापूर.

तालमीतलं शिक्षण

निलंग्याहून कोल्हापूर तीनशे किलोमीटरहून लांब. हरिश्चंद्र तिथं गेले आणि गंगावेस तालमीत राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला जो आधार दिला, त्यावर उभी राहिलेली ही परंपरा. खासबागचं मैदान आणि पेठापेठांतल्या तालमी त्यातूनच आल्या. महाराष्ट्र आणि कर्नाटकातली पोरं तिथं येऊन घडत होती.

तालमीचं टाइमटेबल कुठल्याही क्लासपेक्षा कडक असतं. पहाटे, गाव झोपेत असताना उठायचं. जोर, बैठका, मग हौद्यातली माती उकरायची. ती माती साधी नसते. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवतात, म्हणजे अंगाला लागत नाही आणि जखम चिघळत नाही. मग लढती. एक पोरगा दमला की दुसरा, दुसरा दमला की तिसरा. नंतर खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. या सगळ्यात सुट्टीचा दिवस नाही आणि गावाकडची आठवण काढून रडायला जागाही नाही. घरचे आपलं पोट मारून खुराकाचे पैसे पाठवतात, हे प्रत्येक पोराला माहीत असतं.

चार वर्षांत तीन शिखरं

१९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा नेमकी लातुरात भरली. गाव सोडून गेलेला पोरगा आपल्याच भागात लढायला आला आणि त्यानं गदा जिंकली. वयाची वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ही गदा किती अवघड, हे समजायला पुढची नावं बघा. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं ती दादू चौगुले यांच्याकडे गेली. म्हणजे त्या काळात या एका गदेसाठी किती तगडी माणसं रांगेत होती!

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, स्कॉटलंडमधल्या एडिंबरात राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या. भारतानं त्यात पाच सुवर्णपदकं मिळवली आणि पाचही कुस्तीतली होती. त्यातलं एक हरिश्चंद्र बिराजदारांचं. आता विचार करा. मातीत वाढलेला पैलवान, तिकडं गादी. मातीत कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, पाठ लागली की निकाल. गादीवर घड्याळ असतं, गुण असतात, रिंगणाची रेष असते. मातीतली कुस्ती धीर शिकवते, गादीवरची घाई शिकवते. दोन्ही जमणारा माणूस विरळा.

मग १९७२. महाराष्ट्र दुष्काळानं होरपळत होता, मराठवाड्यात माणसं खडी फोडायला जात होती. त्याच वर्षी बिराजदार रुस्तम-ए-हिंद झाले. फारसी महाकाव्यातला रुस्तम हा सगळ्यात बलवान योद्धा. त्याच्या नावाचा किताब निलंग्याच्या पोराच्या नावामागं लागला.

जुने कुस्तीशौकीन आणखी एक कुस्ती आवर्जून सांगतात. दिल्लीच्या सतपाल यांच्यावर बेळगावच्या मैदानात मिळवलेला विजय. सतपाल म्हणजे गुरू हनुमान यांच्या आखाड्यातला त्या काळचा सगळ्यात गाजलेला मल्ल, पुढे १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा. त्याला हरवणं ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं पारावर रंगवून सांगितली गेली.

मग काय?

इथंच बहुतेक पैलवानांची गोष्ट थांबते. शरीर थकतं, खुराक बंद होतो, सत्कारातले फेटे कपाटात जातात. पैलवानाचं वय म्हणजे मोजून दहा-बारा वर्षं. तिशी ओलांडल्यावर काय करायचं, हा प्रश्न प्रत्येकापुढं उभा राहतोच. कुणी शेती बघतो, कुणी राजकारणात जातो, कुणी कुठल्या मोठ्या माणसाच्या मागं उभा राहतो.

बिराजदार वस्ताद झाले. पुण्यातल्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवायला घेतली आणि पुढचं जवळपास सगळं आयुष्य त्यातच घातलं.

वस्ताद या शब्दाला आपण ‘कोच’ म्हणून मोकळे होतो, पण ते तेवढं सोपं नाही. कोच दिवसातले दोन-तीन तास मैदानावर असतो. वस्तादाला चोवीस तास पोरं सांभाळायची असतात. कुणाची जोड कुणाशी लावायची, कुणाला कुठलं मैदान द्यायचं आणि कुणाला अजून थांबवायचं, हे तोच ठरवतो. दुखापत लपवणारं पोरगं त्यालाच ओळखावं लागतं. हरून आलेल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हौद्यात उतरवायचं कामही त्याचंच. आणि हे सगळं करून जिंकतो कोण? तर पोरगा. गदा त्याच्या खांद्यावर, फोटो त्याचा, बातमी त्याची. वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा.

स्वतः गदा उचललेल्या माणसाला असं कडेला उभं राहणं किती जड जात असेल? म्हणूनच मोठे खेळाडू सहसा मोठे वस्ताद होत नाहीत. मामा झाले.

शिवाय त्यांच्यामुळं आणखी एक गोष्ट घडली. मराठवाड्यातून पुण्याला येणाऱ्या पोराला आपल्या बोलीत बोलणारा, आपल्यासारख्याच गावातून आलेला वस्ताद मिळाला. स्वतः लांबच्या शहरात जाऊन राहिलेल्या माणसाला, नवीन पोराच्या पोटात पहिल्या महिन्यात काय कालवतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

काका, राहुल आणि पुढं

या पोरांतलं एक मोठं नाव म्हणजे काका पवार. तेही लातूर जिल्ह्यातलेच. काकांनी नाव काढलं ते ग्रीको-रोमन प्रकारात. या प्रकारात कमरेच्या खाली हात लावता येत नाही, पाय अडकवता येत नाही. म्हणजे आपल्या मातीतले निम्मे डाव तिथं बादच. एकेरी पट नाही, ढाक नाही, टांग नाही. तरी मातीतल्या तालमीतून आलेला हा मल्ल त्या प्रकारात देशासाठी लढला आणि १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळवला. ज्या प्रकारात आपण स्वतः नाव केलं तोच शिष्यानं खेळावा, असा हट्ट वस्तादानं धरला तर अशी माणसं घडत नाहीत.

दुसरं नाव राहुल आवारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. घरात वडिलांपासून कुस्ती. लहान वयातच तो मामांकडे आला. २००८ मध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यात त्यानं सुवर्ण जिंकलं. मोठं काहीतरी होणार, हे दिसायला लागलं होतं आणि सप्टेंबर २०११ मध्ये मामा गेले. एकसष्ट वर्षांचे होते. राहुल तेव्हा जेमतेम विशीत.

वस्ताद गेला की तालमीतलं पोरगं उघडं पडतं. पण मामांचा पहिला मोठा शिष्य आता स्वतः वस्ताद झाला होता. राहुल काका पवारांकडे गेला. मधली वर्षं सोपी नव्हती. दुखापती आल्या, मोठ्या स्पर्धांची दारं अगदी तोंडाशी येऊन बंद झाली. शेवटी एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट इथं राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाची फायनल झाली. समोर कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी. लढतीत दुखापत होऊनही राहुलनं ती १५-७ अशी जिंकली. आणि ते सुवर्ण त्यानं मामांना अर्पण केलं.

एडिंबरा १९७० आणि गोल्ड कोस्ट २०१८. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षं. स्पर्धा तीच, रंग तोच, परंपरा तीच. फक्त पहिलं पदक मामांनी गळ्यात घातलं आणि दुसरं बघायला ते नव्हते. पुढच्याच वर्षी राहुलनं जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात ब्राँझही मिळवलं.

याच्यावर कडी झाली जानेवारी २०२० मध्ये. पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची फायनल लागली नाशिकच्या हर्षवर्धन सदगीर आणि लातूरच्या शैलेश शेळके यांच्यात. दोघंही काका पवारांचेच पठ्ठे. एकाच तालमीत घाम गाळलेली दोन पोरं समोरासमोर! सदगीर जिंकला, शेळके हरला, आणि काकांसाठी तो आनंदाचाच दिवस ठरला. नातं लावायचं तर हे दोघं मामांचे नातशिष्य. १९६९ ला लातुरात मामांनी जिंकलेली गदा अशी फिरून घरातच आली.

वस्तादाचा निकाल

२००६ मध्ये मामांना केंद्र सरकारचा ध्यानचंद पुरस्कार मिळाला होता. तो मुळात खेळाडूच्या जीवनगौरवाचा. वस्तादकीचं मोजमाप करायला तसा वेगळा पुरस्कार आहे, द्रोणाचार्य. ज्यांना मामांनी बेळगावात हरवलं त्या सतपाल यांना तो मिळाला. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधून त्यांनी सुशील कुमार घडवला आणि ऑलिंपिक पदक आणलं. तिकडं आधुनिक स्टेडियम, इकडं जुनी तालीम. तुलना करून कुणाला कमी लेखायचं नाही. पण एक कळतं. चांगला वस्ताद असणं पुरत नाही, त्याला गादी, जागा आणि पैसा लागतो. तो आजही मराठवाड्यात पुरेसा नाही, म्हणून पोरगं अजूनही बॅग भरून पुण्याची नाहीतर कोल्हापूरची गाडी पकडतं. मामा गेले तेव्हा हेच होतं, काका गेले तेव्हा हेच होतं, राहुलच्या वेळीही हेच होतं. गावातच गादी टाकून देणारा कुणी भेटला, तर यातली किती पोरं मधेच घरी परतायची वाचतील?

परीक्षेचा निकाल दोन महिन्यांत लागतो. वस्तादाचा निकाल कधी लागेल सांगता येत नाही. मामांचा एक निकाल तर ते गेल्यावर सात वर्षांनी लागला. दोस्तांनो, आपल्या कॉलेजच्या टीममागंही असं कुणीतरी असतंच. सकाळी सहाला ग्राउंडवर येणारे सर, चुना मारणारे, नेट बांधणारे, हरल्यावर परतीच्या एसटीत शेजारी येऊन बसणारे. ट्रॉफीवर त्यांचं नाव कोरलेलं नसतं. येत्या जत्रेत कुस्त्या बघायला गेलात तर जिंकणाऱ्याला टाळ्या वाजवाच. पण एकदा आखाड्याच्या कडेलाही बघा. तिथं कोण उभं आहे, त्याचं नाव विचारून घ्या.