नाकवाले जोसेफ

अब्रू गेली की मराठीत ‘नाक कापले गेले’ म्हणतात. उर्दूतही ‘नाक कट जाना’ म्हणजे तेच. पण नाक शाबूत असूनही केवळ त्याच्या आकाराला लोक हसत असतील, तर माणसाने काय करावे? हा प्रश्न बर्लिनच्या एका डॉक्टरांनी मनावर घेतला. त्यांचे नाव जॅक जोसेफ.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६५ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग शहरात एका ज्यू धर्मगुरूच्या घरी झाला. डॉक्टर झाल्यावर ते बर्लिनमध्ये हाडांचे नामवंत डॉक्टर युलियस वोल्फ यांच्या हाताखाली काम करू लागले. १८९६ साली एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलाचे कान फार मोठे होते. सगळे चिडवीत, म्हणून तो शाळेत जाईना. जोसेफ यांनी शस्त्रक्रिया करून त्याचे कान नीट केले. वोल्फ मात्र रागावले. निरोगी शरीरावर सुरी चालवणे त्यांना पसंत नव्हते. जोसेफ यांची नोकरी गेली.

वोल्फ यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. त्या काळी साधी जखमही जिवावर बेतत असे. पण चेहऱ्याच्या लाजेने माणूस चारचौघांत जायचे टाळतो, तेव्हा तेही दुखणेच आहे, असे जोसेफ यांना वाटे.

१८९८ मध्ये लांबलचक नाकाचे एक गृहस्थ त्यांच्याकडे आले. लोक टक लावून पाहत, म्हणून ते कोणात मिसळत नसत. जोसेफ यांनी आधी मृतदेहावर सराव केला आणि मग त्यांचे नाक लहान केले. छेद बाहेरून घेतल्यामुळे नाकावर व्रण राहिला. पुढे ते नाकपुडीच्या आतून छेद घेऊ लागले. हाडाचा उंचवटा ते बारीक करवतीने कापत, कूर्चा म्हणजे मऊ हाड थोडे कमी करत आणि खाली झुकलेला शेंडा वर उचलत. अमेरिकेतील डॉक्टर जॉन रो यांनी १८८७ मध्येच आतून छेद घेऊन नाकाचा शेंडा सुधारला होता, हेही सांगायला हवे. पण या कामाचे शास्त्र बनवले ते जोसेफ यांनी. बर्लिनचे लोक त्यांना ‘नाकवाले जोसेफ’ म्हणू लागले.

पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेले सैनिक येऊ लागले. १९१६ मध्ये शारिते रुग्णालयातील चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा नवा विभाग जोसेफ यांच्याकडे सोपवण्यात आला. जर्मन सैनिकांबरोबर एका तुर्की सैनिकाचाही उद्ध्वस्त चेहरा त्यांनी पुन्हा घडवला.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. ज्यांनी देशाच्या जखमी सैनिकांना चेहरे परत दिले, ते जोसेफ ज्यू म्हणून परके ठरले. १२ फेब्रुवारी १९३४ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. नाकाच्या शस्त्रक्रियेतील काही हत्यारे आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात.