डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस : समाजशास्त्र, कल्पित आणि भविष्याचा शोध

आफ्रिकी वंशाच्या लेखक-कलावंतांनी विज्ञान, तंत्रज्ञान आणि भविष्यकाळ यांच्या आधारे आपल्या समाजाविषयी जे कल्पित उभे केले, त्याला आफ्रो-भविष्यवाद हे नाव मिळाले ते अलीकडे. अमेरिकन समीक्षक मार्क डेरी यांनी ही संज्ञा १९९३ साली योजिली. त्यानंतर, २००० साली, शेरी थॉमस यांनी कृष्णवर्णीय लेखकांच्या अद्भुत आणि विज्ञानविषयक कथांचा 'डार्क मॅटर' हा संग्रह संपादित केला. त्यात 'द कॉमेट' ही १९२० सालची कथा पुनर्मुद्रित झाली आणि अनेक वाचकांना आश्चर्य वाटले. कारण कथेचे लेखक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे जगाला समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि नागरी हक्कांच्या चळवळीचे नेते म्हणून ठाऊक होते. त्यांचे कल्पित लेखन हा एका विद्वानाचा फावल्या वेळचा छंद, असे दीर्घकाळ मानले गेले. त्यांचे चरित्र पाहिले असता मात्र हे मत टिकत नाही. आकडेवारी गोळा करणारा अभ्यासक आणि धूमकेतूची कथा लिहिणारा लेखक हे एकाच प्रश्नाशी झुंजत होते. सत्य पुराव्यानिशी सिद्ध केल्यावरही समाज बदलत नसेल तर काय करावे, हा तो प्रश्न होय.

विल्यम एडवर्ड बर्गहार्ड्ट ड्यू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून त्या वेळी अवघी दोन-अडीच वर्षे झाली होती. वडील लवकरच घर सोडून गेले. आईने कष्टाने मुलाला वाढवले. गावात कृष्णवर्णीय कुटुंबे थोडी होती आणि शाळेत वर्णभेदाचा जाच दक्षिणेइतका नव्हता. आईच्या मृत्यूनंतर गावकऱ्यांनी आणि चर्चमंडळींनी केलेल्या मदतीमुळे ते १८८५ साली टेनेसी राज्यातील फिस्क विद्यापीठात दाखल झाले. दक्षिणेतील कृष्णवर्णीय समाजाचे खरे दर्शन त्यांना तेथे घडले. उन्हाळी सुट्टीत ते खेड्यातील शाळेत शिकवीत. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांची गाणी, त्यांचे दारिद्र्य आणि शिक्षणाची त्यांची तहान या गोष्टी त्यांच्या मनावर कायमच्या कोरल्या गेल्या. पुढे हार्वर्ड आणि दोन वर्षे बर्लिन येथे अध्ययन करून १८९५ साली त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत.

समाजाचे शास्त्रशुद्ध ज्ञान झाले की अन्याय दूर होईल, अशी तरुण ड्यू बॉइस यांची दृढ श्रद्धा होती. वर्णद्वेषाचे मूळ अज्ञानात आहे आणि अज्ञानावर उपाय ज्ञान, असे हे सरळ समीकरण होते. १८९६ साली फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या विभागातील कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करण्याचे काम त्यांच्याकडे आले. नवविवाहित पत्नी नीना यांच्यासह त्याच वस्तीत राहून त्यांनी सुमारे अडीच हजार कुटुंबांच्या घरी स्वतः जाऊन माहिती मिळवली. 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा १८९९ सालचा ग्रंथ या परिश्रमांतून सिद्ध झाला. तोवर, म्हणजे १८९७ पासून, ते अटलांटा विद्यापीठात अध्यापन करू लागले होते.

१८९९ हेच वर्ष त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण देणारे ठरले. एप्रिल महिन्यात जॉर्जिया राज्यात सॅम होझ या कृष्णवर्णीय शेतमजुराला गोऱ्या जमावाने हालहाल करून जिवंत जाळले. ड्यू बॉइस यांनी या प्रकरणी संयत भाषेत एक निवेदन लिहिले आणि ते घेऊन ते वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले. वाटेत त्यांना कळले की, होझच्या बोटांची हाडे जवळच्याच एका किराणा दुकानात प्रदर्शनासाठी मांडली आहेत. ते तेथूनच मागे फिरले. माणसे अशी जाळली जात असताना अभ्यासकाने शांत आणि तटस्थ राहणे शक्य नाही, ही जाणीव त्या परतीच्या वाटेवर त्यांना झाली. त्यानंतर महिन्याभरातच त्यांचा पहिला मुलगा बर्गहार्ड्ट घटसर्पाने दगावला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता. जॉर्जियाच्या मातीत त्याला पुरणे आईवडिलांना असह्य वाटले. म्हणून त्यांनी त्याला उत्तरेस ग्रेट बॅरिंग्टनला नेले. 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या १९०३ सालच्या ग्रंथात या मृत्यूवर एक प्रकरण आहे. मूल गेल्याचे दुःख आणि वर्णभेदाच्या पडद्याआड जगण्यातून ते सुटले याचे विदारक समाधान, या दोन भावना त्यात एकमेकींत गुंतल्या आहेत. मृत बालकाची ही प्रतिमा त्यांच्या कल्पित लेखनात पुढे पुन्हा भेटते.

तथ्यांवरील श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही. ती मांडण्याची रीत बदलली. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने साठेक आलेख हाताने रंगवले. लोकसंख्या, साक्षरता, जमिनीची मालकी, व्यवसाय इत्यादींची माहिती या आलेखांत ठळक रंगांत, सर्पिल आणि पंख्यासारख्या आकृत्यांत मांडलेली होती. सोबत कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांची शेकडो छायाचित्रे होती. पैशांअभावी जहाजाच्या सर्वांत स्वस्त वर्गातून प्रवास करून ते पॅरिसला पोचले आणि या कामासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. आकडे डोळ्यांना दिसले पाहिजेत, या हव्यासातच त्यांच्या कल्पिताचे बीज आहे.

१९०८ ते १९१० या काळात लिहिलेली 'द प्रिन्सेस स्टील' ही कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिचा नायक न्यूयॉर्कमधील एका उंच मनोऱ्यात राहणारा कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ आहे. दैनंदिन जीवनातील असंख्य नोंदींच्या आधारे त्याने 'मेगास्कोप' नावाचे यंत्र तयार केले आहे. काळ आणि अंतर ओलांडून समाजव्यवहाराचे अदृश्य सूत्र त्यातून पाहता येते. यंत्रातून जे दृश्य दिसते, त्यात पोलाद ही आफ्रिकेतील एक राजकन्या असून पिट्सबर्गच्या कारखानदाराने तिला बंदी केले आहे आणि तिच्या केसांचे धागे गिरण्यांत ओढले जात आहेत. भांडवल, वसाहतवाद आणि श्रम यांचा जो संबंध ग्रंथात शेकडो पाने घेतो, तो येथे एका रूपकात सामावला आहे. पण कथा छापली गेली नाही. ती हस्तलिखितातच राहिली आणि २०१५ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने, प्रकाशित झाली.

१९०९ साली 'नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' ही संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ड्यू बॉइस होते. विद्यापीठ सोडून ते न्यूयॉर्कला आले आणि १९१० पासून 'द क्रायसिस' या संघटनेच्या मासिकाचे संपादन करू लागले. दशकाअखेर मासिकाचा खप एक लाखाच्या घरात गेला. कल्पित आता एकट्या लेखकाच्या टेबलावर न राहता समाजाच्या व्यवहारात उतरले. गुलामीमुक्तीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९१३ साली न्यूयॉर्क येथे त्यांनी 'द स्टार ऑफ इथिओपिया' हा भव्य नाट्यदेखावा सादर केला. आफ्रिकेने मानवजातीला लोखंडाची देणगी दिली, या प्रसंगाने त्याचा आरंभ होतो. ईजिप्त आणि गुलामगिरी हे टप्पे ओलांडून तो मुक्तीपर्यंत येतो. १९१५ साली वॉशिंग्टन, १९१६ साली फिलाडेल्फिया आणि १९२५ साली लॉस एंजेलिस येथे त्याचे प्रयोग झाले. त्यात काम करणारे शेकडो लोक बहुतांशी स्थानिक वस्तीतले हौशी स्त्रीपुरुष होते. ज्यांना शाळेत आपल्याला इतिहास नाही असे शिकवले गेले, त्यांनीच राजे, लोहार आणि मुक्तिदाते यांची वस्त्रे अंगावर चढवून तो इतिहास वठवला. आर्थिकदृष्ट्या मात्र हा उपक्रम तोट्यात गेला आणि त्यातून देशभर चळवळ उभी करण्याचा त्यांचा बेत सिद्धीस गेला नाही.

'क्रायसिस'च्या संपादनातून आणखी एक पेच पुढे आला. मासिकात झुंडहत्यांची वृत्ते नियमितपणे छापली जात. एका बारा वर्षांच्या मुलीने पत्र लिहून गोऱ्यांविषयीचा आपला तीव्र द्वेष कळवला, तेव्हा ड्यू बॉइस अस्वस्थ झाले. सत्य दडपता येत नाही. पण नुसते सत्य मुलांच्या मनात विष पेरणार असेल, तर त्यांना दुसरे काहीतरी दिले पाहिजे. या विचारातून जानेवारी १९२० मध्ये 'द ब्राउनीज बुक' हे मुलांचे मासिक निघाले. जेसी फॉसेट यांनी त्याची वाङ्मयीन बाजू सांभाळली. परीकथा, चरित्रे, खेळ आणि वाचकांची छायाचित्रे यांनी सजलेले हे मासिक डिसेंबर १९२१ मध्ये बंद पडले. तरी त्या दोन वर्षांत त्याने लँग्स्टन ह्यूज या तरुण कवीच्या आरंभीच्या रचना छापल्या. कृष्णवर्णीय मुलाला परीकथेत स्वतःचा चेहरा दिसावा, ही त्यामागची भूमिका आजच्या आफ्रो-भविष्यवादाच्या गाभ्याशी आहे.

'द कॉमेट' ही कथा याच वर्षीच्या 'डार्कवॉटर' या संग्रहात आली. तत्पूर्वी १९१९ साली अमेरिकेतील अनेक शहरांत रक्तरंजित वांशिक दंगली झाल्या होत्या. कथेचा नायक जिम हा बँकेतील कृष्णवर्णीय निरोप्या आहे. धूमकेतू जवळून जाणार त्या दिवशी त्याला तळघराच्या खालच्या कोठारात पाठवले जाते, कारण अधिक मोलाच्या माणसांना त्या जागी धाडणे कोणालाही परवडणारे नसते. तो वर येतो तेव्हा धूमकेतूच्या विषारी वायूने शहर मृत झालेले असते. हिंडता हिंडता त्याला एक श्रीमंत गोरी तरुणी भेटते. जगात आपण दोघेच उरलो, असे वाटल्यावर त्यांच्यातील वर्णरेषा हळूहळू विरते. इतक्यात तिचे वडील आणि वाग्दत्त वर येऊन पोचतात. मेले ते केवळ न्यूयॉर्क, बाकीचे जग जिवंत आहे. त्याबरोबर वर्णरेषाही परत येते आणि गर्दीतून जिमला फासावर चढवण्याची भाषा सुरू होते. शेवटी एक कृष्णवर्णीय स्त्री आपल्या मृत बाळाला हातावर घेऊन येते आणि जिम तिला जवळ घेतो.

समतेसाठी सारे जग नष्ट व्हावे लागते आणि जग जिवंत असल्याचे कळताच समता संपते, हा या कथेतील कठोर निष्कर्ष आहे. हेच समाजशास्त्रीय प्रतिपादन आकडेवारीतून करता आले नसते. ते मृत बाळ १८९९ सालच्या दुःखाची आठवण देते, तरी कथा खाजगी शोकात अडकत नाही. जिमला अखेर आधार मिळतो तो आपल्याच माणसांत.

१९२६ साली ड्यू बॉइस यांनी हार्लेममधील ग्रंथालयाच्या तळघरात 'क्रिग्वा' नाट्यमंडळी उभी केली. नाटक समाजाविषयी असावे, समाजातील लेखकांनी लिहावे, समाजासाठी असावे आणि वस्तीजवळ व्हावे, अशी त्यांची चतुःसूत्री होती. कला ही प्रचाराचे साधन असते आणि असली पाहिजे, या त्यांच्या आग्रहाला ॲलन लॉक यांच्यासारख्या समकालीनांनी विरोध केला. त्या विरोधात तथ्य होते. १९२८ सालच्या 'डार्क प्रिन्सेस' या कादंबरीत कौटिल्या ही हिंदी राजकन्या आणि एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण यांच्या मीलनातून जगातील सर्व वर्णभेदग्रस्तांच्या मुक्तीचे स्वप्न रंगवले आहे. पण विचाराच्या ओझ्याखाली पात्रे दबतात, आणि भारताचे चित्र राजवाड्यापलीकडे फारसे जात नाही. तरीही ड्यू बॉइस यांना स्वतःला ती कादंबरी अतिशय प्रिय होती.

राजवाड्यापलीकडच्या भारताशी त्यांचा संबंध आला तो १९४६ साली. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांना पत्र लिहिले. ड्यू बॉइस ज्या काळात न्यूयॉर्कहून 'क्रायसिस' काढीत होते, त्याच काळात, १९१३ ते १९१६ या वर्षांत, आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला असून अस्पृश्यांची स्थिती तिच्याशी मिळतीजुळती आहे, असे सांगून त्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर देऊन सहानुभूती आणि साहाय्याची तयारी कळवली. कादंबरीतील राजकन्येपेक्षा हा पत्रव्यवहार कितीतरी साधा, पण त्या स्वप्नाला वास्तवाचा आधार देणारा होता.

उत्तरायुष्य कष्टाचे गेले. शांतता चळवळीतील कार्यामुळे १९५१ साली परकीय हस्तक असल्याचा खटला त्यांच्यावर भरला गेला. ते निर्दोष सुटले, परंतु १९५८ पर्यंत पारपत्र त्यांना नाकारण्यात आले. १९६१ साली क्वामे एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून ते घाना येथे गेले आणि वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी आफ्रिकेच्या विश्वकोशाच्या कामास लागले. जुन्या समाजशास्त्रज्ञाने नोंदींचा तो महासंग्रह पुन्हा उघडला होता. विश्वकोश अपुरा राहिला. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन येथील विराट मोर्चात ती वार्ता जाहीर झाली.

ड्यू बॉइस यांचे अनेक उपक्रम अल्पायुषी ठरले. मुलांचे मासिक दोन वर्षांत मिटले, नाट्यमंडळी लवकरच विखुरली, मेगास्कोपची कथा शतकभर कपाटात राहिली. त्यांनी उभे केलेले भविष्य आशावादी असतेच असे नाही. 'द कॉमेट'मधील तर निराशेच्या काठावर उभे आहे. परंतु ज्या समाजाचा भूतकाळ पुसला गेला आणि वर्तमान दडपला गेला, त्याने भविष्याची कल्पना करणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते. ही कल्पना वस्तीतल्या रंगमंचावर, मुलांच्या हाती पडणाऱ्या मासिकात आणि ग्रंथालयाच्या तळघरात रुजली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्या पिढ्यांच्या आफ्रो-भविष्यवादी लेखक-कलावंतांना त्यांच्यात आपला पूर्वसूरी दिसतो, तो याच कारणाने.