फ्रान्झ झावेर ग्रुबर मास्तर

नाताळच्या मध्यरात्रीं मिस्सेच्या वेळीं जें शांत रात्रीचें गीत देशोदेशींच्या देवळांतून गाइलें जातें, त्याची चाल कोणा थोर दरबारी संगीतकाराची असावी असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती ऑस्ट्रिया देशांतील एका खेड्याच्या शाळामास्तरानें बांधिली. हे मास्तर देवळाचे ऑर्गनवादक व घंटा वाजविणारे सेवकहि होते. महोत्सवाच्या प्रसंगीं देऊळ बांधणाऱ्यांचें स्मरण आपण करितों. तें सुरांनीं भरणाऱ्यांपैकीं एकाचें चरित्र वाचकांस बोधप्रद होईल.

फ्रान्झ झावेर ग्रुबर ह्यांचा जन्म ता. २५ नोव्हेंबर १७८७ रोजीं हॉखबुर्ग गांवाजवळ एका गरीब विणकराच्या घरीं झाला. ज्या संत फ्रान्सिस झेवियरचा पवित्र देह गोव्यांत आहे, त्याचेंच नांव ह्या बालकास मिळालें. मुलानें मागावर बसावें अशी बापाची इच्छा. परंतु गांवच्या पेटरलेखनर नांवाच्या शिक्षकांनीं त्याची आवड ओळखून त्यास वाद्यें शिकविलीं. पुढें बापाचें मन वळलें. १८०६ सालीं ग्रुबर शिक्षकाची परीक्षा उतरले व १८०७ सालीं साल्झबुर्गजवळील आर्न्सडॉर्फ येथें कामावर रुजू झाले.

तेथें त्यांस एकाच वेळीं तीन कामें करावीं लागत : मुलांस शिकविणें, देवळाची व्यवस्था राखणें आणि उपासनेच्या वेळीं ऑर्गन वाजविणें. गोव्याच्या पॅरिश शाळांतून अक्षरांबरोबर स्वरहि शिकविणारे जुने मास्तर ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस ही सेवा निराळी सांगावयास नको. १८१६ पासून जवळच्या ओबर्नडॉर्फ येथील संत निकोलसच्या देवळांतहि ते वाजवूं लागले. मिठाच्या नावा हाकणाऱ्या नावाड्यांचें तें गांव होतें.

ता. २४ डिसेंबर १८१८ रोजीं तेथील सहायक धर्मगुरु फादर योसेफ मोर ह्यांनीं दोन वर्षांपूर्वीं रचिलेली आपली कविता ग्रुबर मास्तरांच्या हातीं दिली; दोन गायक, गायनवृंद व गिटार ह्यांस साजेल अशी चाल तिला द्यावी, अशी विनंति केली. त्याच सायंकाळीं चाल सिद्ध झाली. रात्रीं फादर मोर गिटार वाजवून वरच्या स्वरांत गाइले, मास्तरांनीं खर्जाचा स्वर धरिला. ऑर्गनचा भाता उंदरांनीं कुरतडल्याची कथा मागाहून प्रचारांत आली. मास्तरांच्या स्वतःच्या हकीकतींत ती मुळींच नाहीं.

मास्तरांचें घर दुःखांतून सुटलें नव्हतें. पहिली पत्नी १८२५ सालीं व दुसरी १८४१ सालीं निवर्तली. दोन्ही विवाहांतून झालेल्या बारा मुलांपैकीं चारच मोठीं झालीं. तरी ऑर्गनवरील त्यांची सेवा खंडित झाली नाहीं. १८२९ सालीं ते बर्नडॉर्फला गेले आणि तेथून हालाइन येथें देवळाच्या गायनवृंदाचे प्रमुख झाले.

इकडे तें गीत, कर्त्यांचीं नांवें मागें टाकून, दूर गेलें. मौराखर नांवाच्या ऑर्गन बांधणाऱ्या कारागिरानें तें तिरोलांत नेलें. तेथील गायक कुटुंबांनीं गांवोगांवीं गाइलें. तिरोलचें लोकगीत म्हणून तें छापलेंहि गेलें. कोणी तें मिखाएल हायडन ह्या नामांकित संगीतकाराचें मानूं लागले. अखेर १८५४ सालीं बर्लिनच्या राजवाड्यांतील संगीतमंडळानें साल्झबुर्गच्या संत पीटर मठाकडे चौकशी केली. मास्तरांचा पुत्र फेलिक्स त्याच मठांत गात असे. त्याच्याकडून प्रश्न घरीं पोहोंचला. ता. ३० डिसेंबर रोजीं वृद्ध मास्तरांनीं खरी हकीकत लिहून पाठविली. तींत त्यांनीं आपल्याबरोबर फादर मोर ह्यांचेंहि नांव आवर्जून नमूद केलें. फादर मोर १८४८ सालींच वाग्राइन येथें निर्धन स्थितींत वारले होते. आपली बाजू मांडावयास ते नव्हते.

ता. ७ जून १८६३ रोजीं ग्रुबर मास्तर हालाइन येथें देवाघरीं गेले. देवळालगत, आपल्या घरासमोरच, त्यांस मूठमाती मिळाली. त्यांच्या शब्दावर शंका घेणारे पुढेंहि निघाले. परंतु १९९५ सालीं फादर मोर ह्यांच्या हस्ताक्षरांतील प्रत उजेडांत आली. तींत चालीचे कर्ते म्हणून ग्रुबर हेंच नांव आहे. एका मित्रानें दुसऱ्याविषयीं दिलेली साक्ष अशी उभयपक्षीं खरी ठरली.

वाचकहो, बर्लिनहून पत्र न येतें, तर हें नांव कदाचित् कायमचें लोपलें असतें. आपल्या देवळांतहि पिढ्यान्-पिढ्या कोणी ऑर्गन वाजविला, कोणी व्हायोलिन धरिलें, कोणी मुलांस गाणीं शिकविलीं. घरांतील वडीलधाऱ्यांस ह्यांचीं नांवें अद्याप स्मरत असतील. तीं विचारून लिहून ठेवावीं, आणि नाताळच्या रात्रीं तें गीत गातांना त्यांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना करावी.