मिरजेचे फरीदसाहेब आणि आपल्या शाळेचा तंबोरा



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने एक पान लिहायचं असं ग्रुपवर ठरलं. घाटातली एसटी, किल्ल्यावरची सहल, दप्तरात लपवून आणलेली सीताफळं यांवर बाकीचे लिहितीलच. मला मात्र धारूरला कधीही न आलेल्या एका माणसाबद्दल लिहायचं आहे. आपल्या शाळेशी त्यांचा काय संबंध, ते शेवटी सांगते.

त्यांचं नाव फरीदसाहेब. आडनाव शिकलगार. हत्यारांना धार आणि झिलई देणारे ते शिकलगार, आणि मिरजेत या घराण्याचं पिढीजात काम तेच होतं. तलवारी, भाले, खंजीर दुरुस्त करायचे, पात्यांना पाणी चढवायचं. मिरज पटवर्धनांचं संस्थान होतं, त्यामुळे असं काम मिळत असे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजांचा अंमल पक्का झाला, लढाया थांबल्या. पुढे १८७८ मध्ये हत्यारांचा कायदाच आला. हातात कसब आहे पण गिऱ्हाईक नाही, अशी वेळ या घरावर आली. आयटीत वीस वर्षं काढलेल्या माझ्यासारखीला ही अवस्था लगेच कळते. आपण शिकलेलं तंत्र एका सकाळी जुनं ठरतं.

याच काळात मिरजेला गाणंबजावणं वाढत होतं. संस्थानिक रसिक होते. उत्तरेतले गवई, बीनकार येत, मुक्काम करत. त्यांच्या वाद्यांना प्रवासात तडे जात, खुंट्या ढिल्या होत. दुरुस्तीसाठी वाद्य पुन्हा उत्तरेला पाठवायचं म्हणजे महिन्यांचं काम. मिरजेत आजही सांगतात, की असंच एक बिघडलेलं वाद्य दुरुस्तीला फरीदसाहेबांकडे आलं. त्यांनी ते उघडलं, समजून घेतलं आणि नीट करून दिलं. मग एक दुरुस्तीवरून दुसरी, आणि दुरुस्तीवरून नवीन वाद्य. साधारण १८५० च्या सुमारास मिरजेत तंबोरे आणि सतारी घडू लागल्या. शिकलगारांचे पुढे सतारमेकर झाले. गल्लीलाही तेच नाव पडलं.

लोखंड घडवणारा माणूस भोपळ्याकडे कसा वळला असेल, याचं मला फार नवल वाटायचं. मागे कामानिमित्त सांगलीला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून मिरजेला गेले आणि सतारमेकर गल्लीत एक अख्खी दुपार बसले. भोपळा येतो पंढरपूर, मंगळवेढा भागातून, भीमेकाठच्या शेतांतून. हा खायचा भोपळा नव्हे, कडू असतो. तो वाळवायचा, वरून कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा आणि आतून काड्यांचे टेकू देऊन हवा तसा फुगवून पुन्हा वाळवायचा. त्यावर लाकडाचा गळा आणि पोकळ दांडी बसते, तोंडावर तबली बसते. लाकूड परंपरेने तुणाचं. मग नक्षी, पॉलिश, खुंट्या, तारा. आणि सर्वांत शेवटी जवारी.

खरी परीक्षा जवारीची. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसेने केसाएवढा घासत, त्याला अगदी सौम्य उतार द्यायचा. त्यावर तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेला, की एका जागी तार एकदम उघडते आणि एका स्वरातून अनेक स्वर ऐकू येतात. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या या घोडीवर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडली, तिथल्या हिशेबाने जे उपस्वर उमटायला नकोत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात, असं त्यांनी दाखवलं. फरीदसाहेबांपाशी हे गणित नव्हतं. पण पात्याची धार बोटाने जोखणारा त्यांचा हात आणि कानस चालवायची सवय इथे कामी आली असणार, असं मला ती जवारी लागताना पाहून वाटलं.

घरात विद्या आली तशी ती पुढे गेली. मुलं, पुतणे, नातू कामाला लागले. त्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि तिथून बाहेर पडून १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते आणि सुराच्या बाबतीत अतिशय काटेकोर. असं गिऱ्हाईक शेजारी असलं की कारागिराला ढिलाई परवडत नाही. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथे दरवर्षी संगीतसभा होते. फरीदसाहेबांचे वंशज आजही त्याच गावात वाद्यं बनवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता शाळेचा संबंध.

संगीताच्या खोलीत कोपऱ्यात खोळ घातलेला तंबोरा आठवतो का? तो मिरजेचाच. नववीत असताना गॅदरिंगच्या तालमीआधी, सर यायच्या आत, मी तो उचलायला गेले आणि माझ्या हातून सुटला. भोपळ्याला तडा गेला. मी खोळ घालून तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि गप्प बसले. सरांनी दुसऱ्या दिवशी तडा पाहिला, कुणालाही विचारलं नाही, कापडाची पट्टी चिकटवली आणि पेटीवर सूर धरून आमचं गाणं बसवलं. पुढे तो तंबोरा कुणी लावलेला मला आठवत नाही.

मिरजेच्या त्या दुपारी मी तिथल्या वयस्कर कारागिराला विचारलं, इतक्या जुन्या तड्याचं काही होतं का. ते म्हणाले, वाद्य आणून दाखवा. भोपळा आतून सांधता येतो, नाहीच जमलं तर बदलता येतो, दांडी चांगली असली की झालं.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे. प्रोजेक्टरला माझा विरोध नाही. मोबाइलमधला तंबोरा मीही रियाजाला वापरते, पण त्यात तीच आवर्तनं पुन्हापुन्हा फिरतात, हे कानाला कळतं. शिवाय तो मुलांना कधी स्वतः लावावा लागत नाही, आणि मला सूर कळला तो सरांनी खुंट्या पिळताना शेजारी बसून. तंबोऱ्याच्या दुरुस्तीचा सगळा खर्च माझा. मिरजेला नेणं-आणणंही मीच करीन. निधीतला रुपया नको, फक्त शाळेची परवानगी हवी.

सर, तुम्ही मेळाव्याला येणार आहात असं कळलं. तो तडा माझ्या हातून गेला होता. तेव्हा सांगायला हवं होतं, ते तीस वर्षांनी सांगते आहे. तंबोरा परत आला की पहिल्यांदा तुम्हीच लावा.