फादर ब्राऊनचे जनक : जी. के. चेस्टरटन

बुटका, वाटोळ्या चेहऱ्याचा, छत्री सांभाळताना तारांबळ उडणारा एक धर्मगुरू खुनाचा छडा लावतो. फादर ब्राऊनच्या ह्या गोष्टी आपल्यापैकी काहींनी वाचल्या असतील, काहींनी टीव्हीवर पाहिल्या असतील. त्या लिहिणारे गिल्बर्ट कीथ चेस्टरटन २९ मे १८७४ रोजी लंडनमध्ये जन्मले. अंगाने धिप्पाड आणि कमालीचे विसराळू. एकदा भलत्याच गावी उतरून त्यांनी पत्नी फ्रान्सिसला तार केली आणि आपण कुठे असायला हवे होते, ते विचारले!

विसाव्या शतकाच्या आरंभी यॉर्कशरमध्ये त्यांची फादर जॉन ओकॉनर ह्या आयरिश धर्मगुरूंशी गाठ पडली. माळरानावरून चालताना गुन्हेगारीचा विषय निघाला. फादरांना माणसाच्या दुष्टपणाची जी माहिती होती, ती ऐकून चेस्टरटन हादरले. त्याच दिवशी केंब्रिजचे दोन विद्यार्थी भेटले. फादर खोलीबाहेर जाताच ते म्हणाले, की बिचाऱ्या धर्मगुरूंना जगातले पाप काय ठाऊक! चेस्टरटनना हसू आवरेना. पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला हे सांगायचे?

ह्यातूनच १९१० मध्ये फादर ब्राऊन जन्मले. पुढच्या वर्षी पहिला संग्रह निघाला. त्यातल्या ‘द हॅमर ऑफ गॉड’ ह्या कथेत एक प्रार्थनाशील पाळक मनोऱ्यावरून हातोडा टाकून आपल्या दुराचारी भावाला ठार करतो. फादर ब्राऊन त्याला ओळखतात. तो खाली उडी टाकू लागताच त्याची कॉलर धरतात. मात्र पोलिसांना कळवत नाहीत. कबुली देणे त्याच्यावरच सोपवतात. खुनी आपल्याहून वेगळ्या मातीचा नाही, हे ह्या धर्मगुरूंना पक्के ठाऊक असते.

गंमत म्हणजे हे लिहिणारे चेस्टरटन तेव्हा कॅथलिक नव्हते. ३० जुलै १९२२ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी, ते ख्रिस्तसभेत आले. बीकन्सफील्ड गावात तेव्हा कॅथलिक चर्च नव्हते. रेल्वे हॉटेलच्या एका साध्या खोलीत मिस्सा होई. तिथेच फादर ओकॉनर यांनी त्यांचे पापनिवेदन ऐकले. अँग्लिकन असलेल्या फ्रान्सिस त्या वेळी रडत होत्या. पतीने वाट पाहिली, घाई केली नाही. १९२६ मध्ये त्याही आल्या.

१९३० मध्ये रहस्यकथाकारांच्या डिटेक्शन क्लबचे ते पहिले अध्यक्ष झाले. आपला गुप्तहेर दैवी साक्षात्काराने गुन्हा उकलणार नाही, अशी शपथ तिथे सदस्यांना घ्यावी लागे!

ज्यू लोकांविषयी त्यांनी लिहिलेले काही आज वाचवत नाही. २०१९ मध्ये नॉर्दम्प्टनच्या बिशपांनी त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू न करण्याचे ठरवले. त्याच्या कारणांत हेही एक होते.

१४ जून १९३६ रोजी बीकन्सफील्डला त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी फादर ओकॉनर यांनी मित्रावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावात त्यांनी स्वतःला फादर ब्राऊनच म्हटले आहे.