व्हर्जिनिया वुल्फ : ‘ऑर्लँडो’मधील पुरुषाची पूर्वपीठिका

मराठी समीक्षेत व्हर्जिनिया वुल्फ यांचे नाव बहुधा संज्ञाप्रवाहाच्या चर्चेत येते. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीचा विचार करताना जेम्स जॉइस यांच्या जोडीने त्यांचा उल्लेख केला जातो. पुढे स्त्रीवादी समीक्षेने ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) या ग्रंथाच्या आधारे त्यांना पूर्वसूरींचे स्थान दिले. या दोन्ही ओळखी यथार्थच आहेत. परंतु त्यांच्या आड एक गोष्ट झाकली जाते. वुल्फ या पुरुष-व्यक्तिरेखांच्याही समर्थ निर्मात्या होत्या. ‘ऑर्लँडो’ (१९२८) या त्यांच्या कादंबरीचा नायक मध्यावर येऊन स्त्री होतो आणि तरीही त्याच्यातील पुरुष वाचकाच्या मनातून पुसला जात नाही. लिंगपरिवर्तनाच्या अद्भुतकथेत ही गोष्ट सहजसाध्य नाही. अशा कथेत पूर्वीचा पुरुष हा पुष्कळदा टाकून दिलेल्या कातीसारखा असतो. कधी तो शिक्षेस पात्र म्हणून रंगवला जातो, कधी हास्यास्पद म्हणून. वुल्फ यांनी तसे का केले नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर त्यांच्या चरित्रात शोधावे लागते.

व्हर्जिनिया यांचा जन्म २५ जानेवारी १८८२ रोजी लंडन येथे झाला. वडील लेस्ली स्टीफन हे नामवंत समीक्षक, गिर्यारोहक आणि ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी’ या प्रचंड चरित्रकोशाचे पहिले संपादक. आई ज्यूलिया यांचा जन्म कलकत्त्याचा. दोघांचाही हा दुसरा विवाह होता. घरात आईची पहिल्या विवाहातील तीन मुले, वडिलांची पहिल्या विवाहातील एक मुलगी आणि या विवाहातील व्हेनेसा, थोबी, व्हर्जिनिया व एड्रियन अशी भावंडे होती. ज्या घरात चरित्रकोशाचे काम चालत होते, त्या घरातच व्हर्जिनिया वाढल्या. त्या कोशातील बहुसंख्य चरित्रे पुरुषांची होती. जन्म, वंश, शिक्षण, पदे, मृत्यू असा त्यांचा ठरलेला क्रम. सार्वजनिक जीवनातील पुरुष कागदावर कसा उभा केला जातो, याचा नमुना त्यांना लहानपणापासून डोळ्यांसमोर दिसत होता. त्या नमुन्यातून काय निसटते, हेही त्या घरातच त्यांना कळत गेले.

१८९५ साली ज्यूलिया यांचा मृत्यू झाला. व्हर्जिनिया तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या मनोविकाराचा पहिला झटका त्यानंतरचा. पत्नीच्या वियोगाने लेस्ली स्टीफन खचले. त्यांच्या दुःखाला सतत सहानुभूती पुरवणे हे मुलींचे कर्तव्य ठरले. त्याच वडिलांनी आपले ग्रंथालय मात्र या मुलीला मोकळे करून दिले. थोबी आणि एड्रियन केंब्रिजला गेले. व्हर्जिनिया यांचे शिक्षण मुख्यतः घरी झाले, काही काळ लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या महिला विभागातील वर्गांत झाले. या विषमतेचे शल्य त्यांना जन्मभर राहिले. आईच्या पहिल्या विवाहातील जॉर्ज आणि जेराल्ड डकवर्थ या दोन भावांनी केलेल्या लैंगिक अतिप्रसंगांविषयी त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. थोबी हा सर्वांत लाडका भाऊ. त्याच्यामुळे केंब्रिजमधील तरुण मित्रमंडळी घरात आली. परंतु १९०६ साली ग्रीसच्या प्रवासाहून परतल्यावर विषमज्वराने तो गेला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

पुरुषांविषयी संताप बाळगण्यास या आयुष्यात कारणे भरपूर होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या लेखिकेजवळ इतका रोष साठला आहे, तिने पुरुषाला केवळ आरोपी म्हणून उभे केले असते तर ते समजण्याजोगे होते. वुल्फ यांनी तो रोष दडपला नाही. ‘थ्री गिनीज’ (१९३८) या निबंधग्रंथात तो उघडपणे प्रकटला आहे. परंतु कादंबरीत त्यांनी स्वतःवर वेगळे बंधन घातले. पुरुषाला दोषमुक्त न करता त्याला आतून पाहणे, असे त्या बंधनाचे स्वरूप सांगता येईल. ते त्यांना एकदम साधले नाही. त्यासाठी त्यांना तीन कादंबऱ्या लिहाव्या लागल्या.

‘जेकब्ज रूम’ (१९२२) ही त्यांतील पहिली. पहिल्या महायुद्धात मरण पावणाऱ्या जेकब फ्लँडर्सची ही कथा. तिच्यामागे थोबीची छाया आहे. येथे निवेदन नायकाच्या भोवती फिरत राहते. त्याची खोली, त्याची पुस्तके, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या स्त्रिया दिसतात. तो स्वतः मात्र हाती लागत नाही. केंब्रिजचे दार बहिणीला बंद होते आणि त्या दाराआडचा भाऊही तिला अनोळखीच राहिला. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव न आणणे, हा या कादंबरीचा प्रामाणिकपणा.

‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) मध्ये हे अंतर ओलांडले गेले. सेप्टिमस वॉरन स्मिथ हा युद्धाहून परतलेला सैनिक. मित्राच्या मृत्यूचे दुःख जाणवले नाही, याचाच त्याने प्रथम पुरुषार्थ म्हणून अभिमान बाळगला आणि पुढे त्या न जाणवण्यानेच त्याचे मन मोडले. १९०४ सालच्या आजारात पक्षी ग्रीक भाषेत गात असल्याचा भास व्हर्जिनिया यांना झाला होता, असे त्यांनी सांगितले आहे. कादंबरीत तोच भास सेप्टिमसला होतो. स्वतःची सर्वांत खाजगी वेदना त्यांनी एका पुरुषाच्या ठायी ठेवली. ‘ऑर्लँडो’च्या तीन वर्षे आधीच एक रूपांतर असे घडून गेले होते, फक्त ते स्त्रीकडून पुरुषाकडे होते आणि लेखिकेच्या मनात होते.

‘टू द लाइटहाउस’ (१९२७) मधील मिस्टर रॅमझी ही तिसरी पायरी. वडिलांच्या स्वभावावर बेतलेली ही व्यक्तिरेखा हेकेखोर, सहानुभूतीसाठी आसुसलेली, मुलांना भय वाटायला लावणारी आहे. त्याच वेळी आपल्या बुद्धीच्या मर्यादेपाशी थबकलेला एक धैर्यवान, एकाकी मनुष्य म्हणूनही ती दिसते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. ही कादंबरी लिहून झाल्यावर आई-वडिलांच्या विचारांनी झपाटून टाकणे थांबले, अशी नोंद वुल्फ यांनी केली आहे. रोष आणि जिव्हाळा यांचा हिशेब असा पुरा झाल्यावरच ‘ऑर्लँडो’ची मोकळी, खेळकर निर्मिती शक्य झाली, असे आमचे प्रतिपादन आहे.

या निर्मितीमागे आणखी दोन धागे आहेत. ७ फेब्रुवारी १९१० रोजी एड्रियन आणि त्याच्या मित्रांनी ॲबिसिनियाच्या राजपुत्रांचे सोंग घेऊन ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेवर सन्मान करवून घेतला. त्या टोळीत दाढी लावून, चेहरा काळा करून व्हर्जिनियाही होत्या. नौदलाच्या पोशाखी पुरुषार्थाची ती थट्टा होती, आणि त्या थट्टेत वर्णभेदाचा अंशही होता. वेष बदलताच जगाची वागणूक कशी बदलते, हा अनुभव मात्र त्यांनी प्रत्यक्ष घेतला. १९१२ साली त्यांचा विवाह लेनर्ड वुल्फ यांच्याशी झाला. सिलोनमधील सरकारी नोकरी सोडून आलेल्या या गृहस्थाने पत्नीचा आजार सांभाळला, १९१७ साली तिच्यासमवेत ‘होगार्थ प्रेस’ स्थापन केला आणि तिच्या हस्तलिखितांचा पहिला वाचक म्हणून काम केले. सत्ता न गाजवणारा पुरुष कसा असू शकतो, याचा पुरावा त्यांच्या घरातच होता.

डिसेंबर १९२२ मध्ये व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांची ओळख झाली. त्या कवयित्री व कादंबरीकार होत्या, एका जुन्या सरदारघराण्यातील होत्या, आणि तरुणपणी काही काळ पुरुषवेषात वावरलेल्या होत्या. केंटमधील नोल या विशाल वाड्यावर त्यांचे जिवापाड प्रेम होते. जानेवारी १९२८ मध्ये वडील वारले आणि केवळ मुलगी असल्यामुळे व्हिटा यांना तो वाडा मिळाला नाही. तो चुलत्यांकडे गेला. ‘ऑर्लँडो’चे लेखन ऑक्टोबर १९२७ मध्ये सुरू झाले होते. कादंबरीत वाड्यावरून खटला चालतो. ऑर्लँडो मृत आहे की स्त्री आहे, हे मुद्दे कायद्यापुढे जवळजवळ सारखेच ठरतात. शेवटी मात्र घर ऑर्लँडोकडेच राहते. कायद्याने जे हिरावले ते कल्पिताने परत दिले.

ऑर्लँडो हा एलिझाबेथकालीन सोळा वर्षांचा उमराव. कथा सुमारे साडेतीन शतके चालते आणि ११ ऑक्टोबर १९२८ या प्रकाशनदिनीच संपते, तेव्हा ऑर्लँडोचे वय छत्तीस असते. आरंभीच हा मुलगा छताला टांगलेल्या एका मूराच्या शिरावर तलवार चालवताना दिसतो. पूर्वजांच्या हिंसेचा वारसा हा त्याच्या पुरुषपणाचा पहिला धडा. परंतु लेखिका तेथे थांबत नाही. तो ओक वृक्षाखाली एकांत शोधतो, वाईट नाटके लिहितो, गोठलेल्या थेम्स नदीवर साशा या रशियन राजकन्येच्या प्रेमात पडतो आणि फसवला जातो. निक ग्रीन हा लेखक त्याच्याकडे पाहुणचार झोडतो आणि त्याच्यावरच उपहास लिहितो, तेव्हा तो मनापासून दुखावतो. गर्व, औदार्य, आळस, विद्येची ओढ, जमिनीची माया हे सारे या पुरुषात आहे. तो कॉन्स्टँटिनोपलला राजदूत असताना सात दिवसांची निद्रा येते आणि तो स्त्री होऊन जागा होतो. तोवर वाचकाला त्याची इतकी सवय झालेली असते की कथेला त्याला टाकून देणे शक्यच नसते.

आपल्याकडील इलेच्या किंवा महाभारताच्या अनुशासनपर्वातील भंगास्वनाच्या कथेशी तुलना केल्यास फरक ध्यानात येतो. भंगास्वन राजा इंद्राच्या कोपाने स्त्री होतो आणि पुढे स्त्रीच राहणे पसंत करतो. तेथे रूपांतर हे दैवी कोपाचे फळ आहे आणि सुख कोणाचे अधिक, या प्रश्नाचा तो निवाडा आहे. ऑर्लँडोला शाप नाही, वरदानही नाही. देह बदलतो, स्मृती अखंड राहते. म्हणूनच इंग्लंडला परतताना जहाजावर, लांब घागरे सावरताना, तिला आठवते की स्त्रियांनी आज्ञाधारक, शुद्ध, सुगंधित असावे हा हट्ट तिने स्वतःच तरुणपणी धरला होता. पुरुषाचा दोष येथे पुरुषालाच स्त्रीच्या देहातून कळतो. साशावरचे प्रेम टिकते. एवढेच की आता तिचे मन अधिक समजते. आर्चड्यूक हॅरी ऑर्लँडोच्या प्रेमापायी स्त्रीवेषात आलेला असतो. तो पुढे ढसढसा रडतो, तेव्हा पुरुषही स्त्रियांइतकेच रडतात हे ऑर्लँडोला स्वानुभवाने ठाऊक असते. ‘ओक वृक्ष’ ही कविता पुरुषाने आरंभलेली असते, ती स्त्री पूर्ण करते. पुढे ऑर्लँडोचा पती होणारा शेल्मर्डाइन मात्र रेखाचित्रापलीकडे फारसा जात नाही, आणि तुर्की जीवनाचे चित्रण साम्राज्याच्या चष्म्यातूनच झाले आहे, हे नमूद केले पाहिजे.

मराठीच्या अभ्यासकाला या संक्रमणाचा भाषिक पैलू विशेष विचारात घ्यावा लागतो. इंग्रजीत रूपांतराच्या क्षणी तृतीयपुरुषी सर्वनाम बदलले की काम भागते. क्रियापद तटस्थ राहते आणि बोलणाऱ्याचा ‘मी’ लिंग उघड करीत नाही. मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत निवड करावीच लागते. सलग स्मृती असलेल्या व्यक्तीचे वाक्य एका रात्रीत आपला प्रत्यय बदलते. इंग्रजीत जी अखंडता भाषेनेच अंशतः पुरवली, ती मराठी लेखकाला वृत्ती, सवयी आणि आठवणी यांच्याच बळावर उभी करावी लागेल. पूर्वीचा पुरुष सर्वांगांनी रंगवण्याची गरज मराठीत अधिकच आहे, कमी नव्हे.

कादंबरी लोकप्रिय झाली. पहिल्या सहा महिन्यांतील विक्री आधीच्या कादंबरीच्या वर्षभराच्या विक्रीच्या दुपटीहून अधिक होती. पुढच्याच वर्षी ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये वुल्फ यांनी स्त्रीत्व व पुरुषत्व दोन्ही सामावणाऱ्या मनाचा विचार मांडला. ‘द वेव्हज’ (१९३१) मध्ये तीन पुरुष आणि तीन स्त्रिया यांची मने त्यांनी एकाच लयीत गुंफली. दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत आजार पुन्हा बळावण्याची चाहूल लागली आणि २८ मार्च १९४१ रोजी रॉडमेल या गावाजवळ ऊझ नदीत त्यांनी जीवन संपवले. तेव्हा त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या.

वडिलांच्या चरित्रकोशाने पुरुषाचे कर्तृत्व नोंदवले होते. मुलीने ‘चरित्र’ असे उपशीर्षक देऊन लिहिलेल्या कल्पित ग्रंथात, सूची आणि छायाचित्रांसह, त्या कोशाची पद्धत उचलली आणि तीत न मावणारे मन नोंदवले. रोषाला जागा देऊन आणि तरीही रोषाच्या हाती लेखणी न देता त्यांनी हे केले. लिंगपरिवर्तनाच्या कथेत स्त्रीला न्याय देण्यासाठी पुरुषाला सपाट करावे लागत नाही. उलट तो जितका पूर्ण, तितके त्याच्यातून उभ्या राहणाऱ्या स्त्रीचे आकलन खोल होते, हा ‘ऑर्लँडो’मागील जीवनाचा निष्कर्ष होय.